आधीच बघितलेला भाग

सोमवारी सकाळी शालन कोथिंबीर आणायला खाली गेली आणि उद्धवरावांनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला, एवढंच काय ते झालं. एरवी हे काम तिचं. दुसऱ्या चहाचे कप स्टुलावर ठेवायचे, पदराला हात पुसायचे, टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभं राहून कालचा भाग लावायचा आणि मग येऊन सोफ्यावर त्यांच्याजवळ बसायचं. हा क्रम इतका मुरलेला होता की रिमोट कुठे असतो हेही उद्धवरावांना पटकन आठवेना. तो टीव्हीमागे, देवाच्या फोटोपाशी निघाला. चहा निवत चालला होता. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की शालनला वेळेचं भान राहत नाही हे तीस वर्षांच्या संसारात त्यांना पाठ झालं होतं, म्हणून त्यांनी यादीतला कालचा भाग निवडला आणि मधलं बटण दाबलं. तर पडद्यावर एक निळी चौकट आली. मागच्या वेळी थांबलात तिथून पुढे बघायचं, की पहिल्यापासून, असं बॉक्स विचारत होता. उद्धवराव चौकटीकडे बघत राहिले. हा बॉक्स त्यांनी स्वतः पारखून आणला होता आणि त्याची प्रत्येक खोड त्यांना माहीत होती. कुणी भाग आधी लावलेला असेल तरच तो असं विचारतो, एरवी मुकाट्यानं सुरू होतो. त्यांनी ‘तिथून पुढे’ दाबलं. मालिकेच्या शेवटची नावं भराभरा वर सरकली, कसल्याशा मसाल्याची जाहिरात अर्धी लागली आणि भाग संपला. म्हणजे कुणीतरी शेवटापर्यंत बघितला होता. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक सेकंड शिफ्ट करून येऊन सकाळी आठपर्यंत घोरत पडलेलं.

आता यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. बायकोनं मालिकेचा एक भाग आधी बघितला, त्यात काय मोठंसं? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. उद्धवरावांच्या घरात नियम मोजकेच होते आणि त्यातला पहिला हा, की कुणीही आधी बघायचं नाही आणि बघितलंच तर आधी सांगायचं नाही. हा नियम पार औशाजवळच्या त्यांच्या गावातून आलेला. ग्रामपंचायतीच्या खोलीत लोखंडी कपाटात टीव्ही कोंडलेला असायचा आणि रविवारी संध्याकाळी त्याची दारं उघडायची. एका रविवारी पिक्चर ऐन रंगात आला असताना वडिलांनी हाक मारली, म्हैस व्यायला झाली होती, आणि उद्धवला उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर एका पोरानं शेवट सांगून टाकला, फुकटात, न विचारता, दात काढत. उद्धवनं त्याच्या थोबाडीत मारली. ती चपराक त्यांना अजून तळहाताला आठवते. पुढे पिंपरीला आले, शिफ्टच्या चाकाला जुंपले गेले, आणि सगळ्या जगाचे चांगले कार्यक्रम नेमके आपण मशिनीपुढे उभे असताना लागतात हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी गावी परत जाणाऱ्या एका सोबत्याकडून जुना व्हीसीआर घेतला. गच्चीवर सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून अँटेना उभा केला. वाऱ्यानं तो फिरला की शालन खालून ओरडायची, आलं, गेलं, आलं आलं, बास. पुढे छत्री आली, महिन्याचा हप्ता नसलेली, फुकटची. मग पेन ड्राइव्ह लागणारा बॉक्स आला. संत तुकाराम नगरात आता त्यांच्या बिल्डिंगवर अशी छत्री एकट्यांचीच उरली होती. योगिनी, त्यांची लेक, हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसते आणि नवऱ्याबरोबर, जयदीपबरोबर, तिथंच जवळ माण गावात राहते. ती प्रत्येक भेटीत म्हणायची, “पप्पा, मोबाईलवर सगळं येतं हो, कधीही बघा.” उद्धवराव म्हणायचे, “कधीबी बघता येतं ते कुणी कधीच बघत नसतंय.” त्यांचं म्हणणं, आभाळातून चाललेली गोष्ट आपण वेळेवर हात घालून धरली की तिची किंमत राहते. कंपनीच्या बसमध्ये मॅचची चर्चा सुरू झाली की ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे आणि सगळी बस हसायची. राव, तुम्ही कालच्या दिवसात राहता आणि आम्ही आजच्या, असं कुणीतरी म्हणायचं, आणि ते त्यांना आवडायचं.

शालन पिशवी घेऊन आत आली. “बसलात का लावून? मी आल्याबिगर?” तिनं विचारलं आणि उद्धवरावांनी घाईघाईनं ‘पहिल्यापासून’ दाबलं, चोरी जणू त्यांनीच केली होती. “आत्ताच लावलंय,” ते म्हणाले. ती बसली. मालिका एका डाळ मिलवाल्या घराची होती. त्यात मैत्री नावाची सून होती, गोड चेहऱ्याची, आणि एक थोरला दीर होता, वरून देवमाणूस आणि आतून चोर. लातूरकडच्या माणसाला डाळ मिल म्हटलं की जीव अडकतो, त्यामुळे उद्धवराव ती मालिका पहिल्या भागापासून धरून होते. दीर फोनवर काहीतरी पुटपुटला. “अगं माय माय!” शालन म्हणाली, “म्हंजी मिल गहाण टाकली की मेल्यानं!” रोज ती असंच करायची. गालाला हात लावायची, मांडीवर थापटी मारायची, आता काय गं करशील बाई म्हणून मैत्रीला विचारायची. उद्धवरावांना मालिकेइतकाच तिचा हा भोळेपणा बघायला आवडायचा. आज त्यांनी पडदा सोडून तिच्याकडेच बघितलं. गालाला हात लागला होता, डोळे विस्फारले होते, सगळं नेहमीच्याच जागी. म्हणजे ही बाई हे सगळं करून दाखवते? “आवाज पुन्हा दबलाय,” ते म्हणाले, “रेकॉर्डिंगमंदी गडबड हाय. पेन ड्राइव्ह बदलावा लागंल.” शालननं आवाज दोन घरं वाढवला.

दुपारी बसमध्ये खिडकीपाशी बसून ते हाच विचार करत होते. भोसरी गेली, मोशीच्या अलीकडे बस नेहमीसारखी ट्रकांच्या रांगेत अडकली, शेजारचा माणूस काही बोलत होता त्याला त्यांनी दोनदा हं केलं. माणसं हल्ली तोंडातल्या तोंडातच बोलतात. योगिनीचा फोन आला की तिचंही तेच. माणला रेंज नाही, मग शालनला मध्ये पडून सांगावं लागतं, ती म्हणतीय जयदीपला सुट्टी न्हाई, ती म्हणतीय रविवारी येते. उद्धवरावांनी चूक शोधण्याचं काम सव्वीस वर्षं केलं होतं. चाकणच्या ज्या कारखान्यात गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकतात, त्याच्या प्रेस शॉपमध्ये ते सेटर होते. डाय, म्हणजे साचा, बसवायचा, दाब जुळवायचा, पहिला पत्रा हातात घेऊन अंगठा फिरवायचा. पत्र्यावर सुरकुती आली तर सगळे आपापलं डोकं चालवायचे, पण उद्धवरावांची रीत एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. सगळं बदलून झालं तरी सुरकुती राहिली, तर जे बदललं नाही त्यात खोट. याच रीतीनं त्यांनी दिवाळीपासून घरच्या आवाजाचा पाठलाग चालवला होता. केबल बदलली. छत्रीच्या तोंडाशी बसतो तो डबा बदलला. तीन पेन ड्राइव्ह झाले. टीव्हीला बाहेरून स्पीकर लावला. तरी बोलणं आपलं पाण्यातून आल्यासारखं, बायका बोलायला लागल्या की जास्तच. आज त्या जुन्या कोड्यात हे नवं येऊन पडलं होतं. ही आधी का बघते?

शॉपच्या दाराशी नोटीस लागली होती. शुक्रवारी कानाच्या तपासणीची गाडी येणार, प्रेस शॉपच्या सगळ्यांनी हजर राहायचं. उद्धवरावांनी ती वाचली आणि वाचली नसल्यासारखे पुढे गेले. गेल्या वर्षी त्या गाडीतल्या काचेच्या खोपटात ते बसले होते. डोक्यावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. बाहेर मशीनपाशी एक मुलगी बसलेली. पहिली दोन-तीन मिनिटं ते वाट बघत राहिले आणि काहीच आलं नाही. मग त्यांच्या नजरेला पडलं की तिनं खटका दाबला की तिचा कोपर जरासा बाहेर सरकतो. कोपर सरकला की यांनी बटण दाबलं. छान पास झाले. ही काही लबाडी नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. कान काही गेला नव्हता, जरा आळसावला होता, इतकंच. एवढ्या दणक्यात उभं राहायचं म्हटल्यावर कुणाचाही आळसावेल. आणि नापास झालं की काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं. लाइनवरून काढून स्टोअरच्या जाळीमागे बसवतात, नट-बोल्ट मोजायला, आणि ज्या मशीनचा आवाज नुसता तळपायातून कळतो त्या मशीनवर दुसराच कुणी अंगठा फिरवत बसतो. स्टोअरमधल्या माणसाला कुणी राव म्हणत नाही, काका म्हणतात. त्या जाळीची उद्धवरावांना मनापासून भीती वाटत होती, आणि ही भीती त्यांनी शालनलासुद्धा सांगितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती न्हाणीत असताना त्यांनी पुन्हा बॉक्स लावून बघितला. पुन्हा निळी चौकट. मग त्यांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. मैत्रीच्या पुढ्यात कागद ठेवलेला, दीर पेन पुढे करतोय, अशा ऐन जागी त्यांनी भाग थांबवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय वाटतंय गं, करील का सही?” शालननं चहाचा घोट घेतला, विचार केला, आणि म्हणाली, “छ्या, न्हाई करायची. तेवढी येडी न्हाई ती.” पुढे लावलं तर मैत्रीनं पेन उचललं आणि भाग संपला. “उचललं की गं बया!” म्हणून शालननं कपाळावर हात मारून घेतला. उद्धवराव थक्क झाले. नुसतं खोटं नाही, मुद्दाम चुकीचं उत्तर देण्याइतकं पिकलेलं खोटं! त्यांना राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त, कारण जी बाई इतक्या सफाईनं आश्चर्य करून दाखवते तिनं आजवर कशाकशाचं आश्चर्य करून दाखवलं असेल? योगिनीनं जयदीपचं नाव पहिल्यांदा काढलं, त्या संध्याकाळी शालन त्यांच्याइतकीच चकित झाली होती. हातातलं लाटणं खाली पडलं होतं. ते खरंच पडलं होतं का? त्यांच्या आईच्या आजारपणाचा फोन आला तेव्हा तिनं आधी जेवून घ्या म्हटलं होतं आणि मग बातमी सांगितली होती. किती वेळ ती एकटी ती बातमी घेऊन पोळ्या वाढत होती? लग्नानंतर तिला पहिल्यांदा पिंपरीची खोली दाखवली, पत्र्याची, नळ बाहेर, तेव्हा ती म्हणाली होती, किती ऐसपैस हाय हो. तीस वर्षं या एका वाक्यावर उद्धवराव मनातल्या मनात खूश होते. आता तेही उलटंपालटं होऊन समोर आलं. त्यांना वाटलं, आपण जन्मभर हिच्या शेजारी बसून एक भाग मागे चाललो आहोत. हिला सगळं आधीच माहीत असतं आणि ही आपल्यासाठी बसून राहते.

बुधवारी भाग न बघताच ते बॉक्स पिशवीत घालून पिंपरी बाजारात मालोजीच्या दुकानात गेले. मालोजी मूळचा इथलाच गाववाला, डोक्याला टक्कल, तोंडात कायम बडीशेप. त्यानं बॉक्स दुकानातल्या टीव्हीला जोडला, पेन ड्राइव्हवरचा भाग लावला आणि दोन्ही हात पसरले. “काय झालंय याला? आवाज ठणठणीत हाय की!” दुकानात मिक्सर घ्यायला आलेली एक बाई मैत्रीकडे बघून म्हणाली, “ही लईच गोड बोलती नाही?” उद्धवराव टीव्हीला कान लावण्याइतके पुढे सरकले. “दबल्यासारखा वाटत न्हाई तुम्हाला?” मालोजीनं त्यांच्याकडे बघितलं, बडीशेप चघळली. “व्हय, जरासा असंल,” तो मग मोठ्यानं म्हणाला, “राहू द्या राव, जुनी मशीन म्हटल्यावर असं व्हायचंच.” पैसे घ्यायला तो तयार होईना. उद्धवरावांना त्याचा संशय आला. जो दुकानदार नवा बॉक्स गळ्यात मारत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं.

घरी आले तर शालन नव्हती. ती पोरांचे डबे करते, बाहेरगावाहून येऊन कंपन्यांत लागलेली पोरं. त्यांच्या खोलीवर डबे पोचवायला गेली होती. बॉक्स जोडला. मालोजीला दाखवायला नेलेला कालच्या रात्रीचाच भाग तेवढा पेन ड्राइव्हवर होता. तो उद्धवरावांनी एकट्यानं लावला. नियम मोडतोय हे कळत होतं, पण तिनं तरी कुठे पाळलाय? मैत्री दिसली. दीर दिसला. दिराच्या ओठांवरून काही शब्द उचलता आले, कारण प्रेस शॉपमध्ये सगळे ओठांवरच बोलतात, पण तो पाठमोरा झाला की गोष्ट संपायची. सासू रडत होती, कशासाठी कोण जाणे. कुणीतरी नवीन माणूस दारात आला, सगळे दचकले, आणि तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी आवाज वाढवला, अजून वाढवला, तो इतका वाढला की शेजारच्या मंजुषाताई दार वाजवून बघून गेल्या. आवाज मोठा झाला, शब्द मात्र झाले नाहीत. भाग संपल्यावर उद्धवराव सोफ्यावर बसून राहिले. सोमवारी बघितलेला भाग कळला होता. मंगळवारी बघितलेलाही कळला होता. त्याच्या आधीचे दिवाळीपासूनचे सगळे कळले होते, गडबड होती तरी गोष्ट कुठे सुटलेली नव्हती. मग आजच काय झालं? केबल तीच. बॉक्स तोच. पेन ड्राइव्ह तोच. टीव्ही तोच. सवयीनं त्यांच्या डोक्यानं एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली, आणि शेवटी आज या खोलीतून काढलेली गोष्ट एकच उरली, त्यांच्या शेजारी बसणारी शालन. आणि एवढ्या महिन्यांत जी कधी बदललीच नाही अशी वस्तूही एकच उरली. तिच्यावर त्यांनी आपोआप हात नेला. कान गरम लागला.

गुरुवारी ते पहाटेच जागे झाले, म्हणजे रात्रभर नीट झोपलेच नव्हते. शालन पाचला उठते हे त्यांना माहीत होतं. उठून ती काय करते हे कधी बघितलेलं नव्हतं. ते दाराच्या पडद्याआड उभे राहिले. बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता, नुसता टीव्हीचा उजेड. शालन जमिनीवर परात घेऊन बसली होती आणि कणीक तिंबता तिंबता काल राहून गेलेला भाग बघत होती. आवाज इतका कमी की उद्धवरावांच्या लेखी टीव्ही मुकाच होता. मध्येच तिनं पिठाच्या बोटानं, करंगळीनं, बटण दाबलं आणि चित्र थांबवलं. मग ती सोफ्याकडे वळली. रिकाम्या सोफ्याकडे, नेमकी त्यांच्या बसायच्या जागेकडे, आणि गालाला हात लावून काहीतरी म्हणाली. ऐकू काही आलं नाही, पण प्रेस शॉपच्या माणसाला ऐकू यावं लागत नाही. ‘अगं माय, हा तर मैत्रीचा मेलेला चुलता!’ ती म्हणाली होती. तिला ते पसंत पडलं नसावं. तिनं भाग जरा मागे घेतला, पुन्हा ऐकला, आणि पुन्हा सोफ्याला सांगितलं, या वेळी लांबड न लावता: ‘अगं माय, चुलता जित्ता हाय की हिचा!’ मान हलवली. पुढे लावलं. पुढच्या बोलण्यापाशी पुन्हा थांबली. उद्धवरावांना वाटलं पुढे व्हावं, पण पाय उचलेनात. लाज वाटत होती, आणि इतक्या वर्षांत कधी नव्हे इतकी ही बाई आपली वाटत होती, दोन्ही एकदमच. ते परत जाऊन अंथरुणावर पडले. दहाला चहा आला, शालन शेजारी बसली, आणि दारात नवीन माणूस आला त्या क्षणाला तिनं गालाला हात लावला. “अगं माय,” ती म्हणाली, “चुलता जित्ता हाय की हिचा!” उद्धवराव म्हणाले, “आँ? खरंच की!”

शुक्रवारी तपासणीची गाडी शॉपच्या मागच्या पटांगणात उभी होती. रांगेत पोरं चेष्टा करत होती. उद्धवरावांचा नंबर आला तेव्हा ते काचेच्या खोपटात बसले, हेडफोन चढवला, बटण हातात घेतलं. बाहेर गेल्या वर्षीचीच मुलगी होती. तिचा कोपर काचेतून स्वच्छ दिसत होता. तिनं हात वर करून विचारलं, तयार? यांनी मान डोलावली. पहिल्या खटक्याला कोपर बाहेर सरकला आणि उद्धवरावांचा अंगठा आपसूक बटणावर गेला. दाबण्याआधी त्यांनी तो उचलला. मग डोळे मिटून घेतले. आत अंधार झाला, आणि अंधारात शांतता, लांबलचक. मध्येच एक जाडसर घूं आला, तेव्हा त्यांनी दाबलं. पुन्हा शांतता. त्यांना एकदम गावची ती ग्रामपंचायतीची खोली आठवली, पिक्चर चालू आहे, सगळे बघताहेत, आणि आपण बाहेर म्हशीपाशी उभे. त्या वेळी कुणीतरी येऊन काय चाललंय ते सांगितलं असतं तर आपण त्याला मारलं असतं का? बराच वेळ गेल्यावर मुलीनं खांद्याला हात लावून त्यांना उठवलं. कंपनीच्या डॉक्टरनं कागद बघितला, गेल्या वर्षीचा काढून शेजारी ठेवला, आणि यांच्याकडे बघितलं. “एका वर्षात एवढं कसं उतरलं?” त्यानं विचारलं. उद्धवरावांनी त्याच्या ओठांवरून वाचलं आणि म्हणाले, “एका वर्षात न्हाई, सायेब.” पुढचं बोलणं थोडक्यातलंच होतं. प्रेस शॉप बंद. सोमवारपासून स्टोअर, जनरल शिफ्ट. कानाचं मशीन बसवून घ्यायचं. बाहेर आल्यावर एका पोरानं विचारलं, “काय राव, पास?” उद्धवरावांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि तो पोरगा हसता हसता थांबला. शिफ्ट संपेपर्यंत ते आपल्या मशीनपाशी उभे होते. शेवटच्या पत्र्यावर अंगठा फिरवला. सुरकुती नव्हती. वाईट वाटायचं ते वाटलंच.

शनिवारी दहाला शालननं कप ठेवले, हात पुसले आणि रिमोट उचलला. “लावू नको,” उद्धवराव म्हणाले.

“कामून? आवाज पुन्हा गेला व्हय?”

“आवाज चांगला हाय. पहिल्यापासूनच चांगला व्हता.” ते म्हणाले. “तू बघितला न्हवं सकाळी? परवा पडद्यामागून बघत व्हतो मी तुला.”

शालननं रिमोट टीव्हीपाशी परत ठेवला. मग खाली बसली, सोफ्यावर नाही, समोरच्या स्टुलावर, कप बाजूला सारून. “दिवाळीत तुमी पहिल्यांदा पेन ड्राइव्ह बदलला,” ती म्हणाली, “तवाच मला कळलं. म्हणलं, आता ह्या माणसाला कोण सांगावं.”

“मग सांगायचंस की.”

“तुमीच तर म्हणता,” शालन म्हणाली, “आधी सांगायचं न्हाई.”

उद्धवराव हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी बाहीनं पुसले. मग त्यांनी तिला तपासणीचं सांगितलं, गेल्या वर्षीच्या कोपराचंही सांगितलं, स्टोअरच्या जाळीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कुठेही गालाला हात लावला नाही. “जाळी तर जाळी,” ती म्हणाली. “सात वाजता घरी याल माणसासारखं. मशीन बसवून घिऊ कानाला, पोरीला विचारते चांगला डॉक्टर. आणि आता ते रेकॉर्डिंग कशापायी? संध्याकाळी लागतंयच की, दोघं मिळून बघू.”

“न्हाई,” उद्धवराव म्हणाले. “रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं. तू सकाळी बघ, कणीक मळता मळता. मग चहाला मला सांग.”

“मी सांगू? आधी?”

“आधी.” त्यांनी स्टूल धरून जवळ ओढलं, इतकं की शालनचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागले. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर येईल असं तिला जरा वळवलं. टीव्ही बंद होता. “काय झालं काल? तो चुलता आला, मग? सही केली का मैत्रीनं?”

शालननं एकदा बंद टीव्हीकडे बघितलं, पदर सावरला आणि त्यांच्या तोंडाकडे तोंड करून, सावकाश, ओठ मोकळे सोडून सुरुवात केली. “अगं माय माय, काय सांगू तुमाला,” ती म्हणाली, “तिनं पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि तेवढ्यात...”

“तेवढ्यात काय?” उद्धवरावांनी विचारलं.